वाळलेला आंबा पाडायचा खर्च विम्यातून मिळायला नको का?

टिळकवाडीकर:
परसातला आंबा भिरूड (खोड पोखरणारी कीड) लागून वाळलाय, फांद्या थेट कौलांवर. घराला ‘भारत गृह रक्षा’ विमा पॉलिसी आहे. एजंट म्हणतो, पडून छप्पर फुटलं तर बघू, आधी काही नाही. म्हणजे दीड लाख भरतील, पण ते वाचावेत म्हणून दहा-बारा हजार देणार नाहीत! कंपनीलाच स्वस्त पडतंय की हो. हा खर्च पॉलिसीत असायलाच पाहिजे.

खानापूरचा_गडी:
अजिबात पटलं नाही. विमा अवचित घडणाऱ्या गोष्टीचा. झाड डोळ्यांदेखत वाळत गेलं, यात अवचित काय? उद्या कौलं शेवाळली म्हणूनही पैसे मागाल. हप्ता सगळ्यांचाच वाढणार. फ्लॅटवाल्यानं तुमच्या आंब्याचं का भरायचं?

शहापूर_गल्ली:
हप्त्याचं बरोबर. पण टिळकवाडीकर, भांडायची जागा चुकली तुमची. २०२१ पासूनच्या या पॉलिसीत बाहेरची वस्तू आदळून होणाऱ्या नुकसानीत पडणारी झाडं नाव घेऊन लिहिलीत. राडारोडा हटवायला मात्र दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंतच. दीड लाखावर ३ हजार. तेवढ्यात बुंधा तरी हलेल का? तिथं भांडा, मी पण येतो.

टिळकवाडीकर:
आणि घर वाचवून अंगणात आडवं झालं तर?

शहापूर_गल्ली:
घराचं नुकसान नाही तर दावा नाही. मग २ टक्के कशाचे?

वकीलबाई_कॅम्प:
विमा राहू द्या, आधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज टाका. आपल्याकडं कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, आपलं झाड म्हणून परस्पर कुऱ्हाड चालत नाही. झाड मेलेलं किंवा रोगट असेल तर मात्र परवानगी नाकारता येत नाही. फोटो जोडा, पोच घ्या.

खानापूरचा_गडी:
बाई, ती पोच म्हणजे धोका माहीत होता याचा पुरावाच की! जाणूनबुजून केलेली टाळाटाळ पॉलिसीत वगळलेली असते.

वकीलबाई_कॅम्प:
अर्ज करणाऱ्यानं टाळाटाळ केली असं कसं म्हणणार? परवानगी हातात घेऊन दोन पावसाळे बसलात, तर मात्र तुमचा मुद्दा लागू.

खानापूरचा_गडी:
मान्य. तरी पैसे खिशातलेच. आमच्याकडं वखारवाला लाकडाच्या बदल्यात तोडून नेतोय, विचारा एखाद्याला.

टिळकवाडीकर:
विचारलं. कौलांवरच्या फांद्या बघून म्हणाला, “छप्पर फुटलं तर जबाबदारी तुमची.” त्याला पण विमाच पाहिजे!