झोपेत पाय ‘लवतो’, ‘उडतो’ की ‘झटका’ मारतो?

तळटीप:
झोपेत पायाचे स्नायू काय करतात यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. अर्धा उंदरांवर, अर्धा माणसांवर. एकाच परिच्छेदात तीन हालचाली येतात आणि तिथेच गाडी अडली आहे. एक, झोप लागता लागता अख्खं अंग उसळतं ती. दुसरी, स्वप्नांच्या (आरईएम) झोपेतली. तेव्हा अंगाचे स्नायू जवळजवळ लुळे पडलेले असतात आणि मध्येच कुठेतरी क्षणभर ‘ट्विच’ होते. तिसरी संथ, पुन्हा पुन्हा होणारी: पायाचा अंगठा वर ताणला जातो, घोटा वाकतो, कधी गुडघा आणि खुबाही. मी तिन्हींना ‘झटका’ लिहिलं होतं. मसुदा वाचलेल्या डॉक्टर म्हणाल्या, पेशंट हे वाचून फिट समजेल. तीन वेगळे शब्द हवेत.

अर्धविराम:
पहिलीला ‘दचकणे’, त्यात शोधायचं काय? दुसरीला ‘लवणे’. डोळा लवतो तसा पाय लवला.

वेलांटी:
पाय लवला म्हणजे वाकला हो! लवून नमस्कार करतो ना आपण? आणि दचकायला भीती लागते. इथे भ्यायचं कारणच नाही, कडेवरून पडल्याचा भास होतो फार तर. आमची आजी ‘आचका’ म्हणायची. झोपेत आचका बसला.

उद्गार:
आचके मरणारा देतो. झोपलेल्या माणसाला कशाला मारता? ‘उडणे’ घ्या. पापणी उडते, दंड उडतो.

अर्धविराम:
‘झोपेत त्याचा पाय उडाला.’ वाचक पुढच्या ओळीत स्फोट शोधेल.

रफार:
तिसरीला प्रमाण संज्ञा हवी. ‘नियतकालिक अवयवचलन’. निर्दोष आहे.

अर्धविराम:
नियतकालिक! वार्षिक वर्गणी किती? शिवाय ‘अवयव’ म्हटलं की लोकांना अवयवदान आठवतं, यकृत आणि मूत्रपिंड. ‘आवर्ती’ तरी म्हणा.

वेलांटी:
घराघरात यासाठी एकच शब्द आहे: पाय झाडणे. आमचे हे रात्रभर झाडतात. सकाळी विचारलं की म्हणतात, तूच झाडत होतीस. शेवटी दोन्ही नडग्यांवर तारा चिकटवून रात्रभराचा आलेख काढला, तेव्हा कुठे गप्प बसले.

तळटीप:
वेलांटीताई, त्या आलेखाचे नियमच लेखात आहेत. एकेक हालचाल अर्ध्या ते १० सेकंदांची, दोन हालचालींच्या सुरुवातींत ५ ते ९० सेकंदांचं अंतर, आणि अशा किमान ४ ओळीने आल्या तरच ती मालिका धरायची. पण पुष्कळदा नुसता अंगठा उचलला जातो. त्याला ‘झाडणे’ म्हणवत नाही. झाडण्यात जोर आहे, थोडा रागही.

उद्गार:
म्हणजे पाय शिवशिवतात तो आजार ना हा? माझ्या मावशीला आहे. बसवत नाही, उठून चालावंसं वाटतं.

तळटीप:
नाही, ती जागेपणीची तक्रार. स्वीडनचे डॉक्टर एकबोम यांनी १९४५ साली तिला नाव दिलं. ज्यांना ती असते त्यांच्यात झोपेतल्या या हालचालीही बहुधा सापडतात, पण गोष्टी दोन. पोटरीत गोळा येतो तो तिसराच, तो दुखून जागं करतो. ‘शिवशिवणे’ मात्र घेतला, आभार.

रफार:
मूळ घोटाळा वेगळाच आहे. आपण ‘स्नायू’ म्हणतो तेच चुकीचं. सुश्रुतसंहितेत स्नायू ९०० आणि पेशी ५००. त्यातल्या पेशी म्हणजे मांसाच्या, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधणारे दोर. हिंदीने ‘मांसपेशी’ जपलं, आपण पेशीला सूक्ष्मदर्शकाखाली नेऊन बसवलं.

अर्धविराम:
बसली ना तिथे सुखाने? शाळेपासून पेशी म्हणजे पेशी आणि स्नायू म्हणजे स्नायू. उद्या ‘पायाच्या पेशी आकुंचन पावल्या’ लिहिलंत तर कुणाला काय कळणार?

रफार:
चूक सार्वत्रिक झाली म्हणून बरोबर होत नाही.

वेलांटी:
भाषेत तेवढ्यानेच होते!

उद्गार:
भांडू नका, गंमत ऐका. इंग्रजी ‘मसल’ आला लॅटिन ‘मुस्क्युलुस’वरून, म्हणजे छोटा उंदीर. आपल्या ‘मूषका’चा तो चुलत नातेवाईक. कातडीखाली हलतो म्हणून उंदीर. आणि आपण दंड फुगवून काय दाखवतो? बेटकुळी! म्हणजे बेडकी. त्यांचा उंदीर, आपला बेडूक. तळटीप, तुमच्या लेखाला आयतं शीर्षक.

तळटीप:
शीर्षक आहे, शब्द नाही. ट्विचचं कुणी बोलेल का? उंदरांचा सगळा भाग तिच्यावरच आहे. नवजात पिल्लं बराच वेळ झोपेत असतात आणि मिशा, पंजे, शेपूट सुटे सुटे हलत राहतात. या पिल्लांवर संशोधन करणारे ब्लमबर्ग यांचं म्हणणं असं की हा निव्वळ स्वप्नाचा सांडलेला भाग नव्हे. पंजा हलला की त्याची खबर मेंदूकडे जाते, आणि कुठली तार कुठल्या पायाची हे मेंदू त्यातून शिकतो. तिथे ‘झटका’ फार दांडगा होतो.

वेलांटी:
‘स्फुरण’? बाहू स्फुरतात ना.

अर्धविराम:
स्फुरण चढलं की पिल्लू लढाईला निघेल. सरळ ‘ट्विच’ लिहा, पहिल्यांदा आला की समजावून सांगा.

रफार:
मग सगळा लेखच इंग्रजीत ठेवा! आणि ‘उंदीर’ कुठला? प्रयोगशाळेत रॅट वेगळा, माउस वेगळा. आपण दोघांना उंदीरच म्हणतो. निदान कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गटाचं नाव ‘कृंतक’ लिहा, अनुस्वारासकट. ‘कृतक’ झालं तर बनावट उंदीर होतील.

उद्गार:
मोठ्याला घूस, लहानाला चिचुंद्री. मिटलं.

रफार:
चिचुंद्री कृंतकच नाही! ती किडे खाते, सतत वाढणारे कुरतडायचे दात तिला नाहीत. आणि घूस म्हणजे प्रयोगशाळेतला रॅट नव्हे, ती वेगळी जात.

वेलांटी:
आणि ससा?

रफार:
तोही नाही. वरच्या पुढच्या दातांमागे त्याला आणखी एक बारीक जोडी असते. सशासाठी वेगळा धागा काढा.