मदत हवी आहे: लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन हलत नाही

वैतागलेला: बायकोचं हिमोग्लोबिन ९.४. गोळ्या कधीच्या चालू आहेत, फरक शून्य. सरळ शिरेतून लोह द्यावं का? लवकर सांगा.

सूक्ष्मदर्शी: कोणती गोळी, कधी, कशासोबत? फेरिटिन (लोहाचा साठा), एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार), आरबीसी (लाल पेशींची संख्या) किती? पाळीत रक्तस्राव किती? हे कळल्याशिवाय काय बोलणार?

वैतागलेला: फेरस सल्फेट २००. सकाळी चहाबरोबर. थायरॉईडची आणि कॅल्शियमची तेव्हाच, म्हणजे विसरायला नको. एमसीव्ही ७१, आरबीसी ४.२. फेरिटिन नाही केलं, सीरम आयर्न नॉर्मल आहे.

सूक्ष्मदर्शी: इथेच घोळ आहे. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोहाचं शोषण अडवतात. वर लोह थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतं, म्हणजे तीही गोळी वाया. थायरॉईडची उठल्यावर, लोह त्यानंतर किमान ४ तासांनी रिकाम्या पोटी, कॅल्शियम रात्री जेवताना. चहा लोहाच्या आगेमागे तासभर नको.

सीरम आयर्नवर जाऊ नका, गोळी घेऊन रक्त दिलं तर ते उगाच चांगलं दिसतं. फेरिटिन आणि सीआरपी (दाह दाखवणारी चाचणी) करा. फेरिटिन ३० च्या खाली म्हणजे साठा आटलाय. अंगात संसर्ग किंवा दाह असेल तर मात्र ते फसवं वाढतं. मग ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहणारं प्रथिन किती भरलंय) २० टक्क्यांखाली आहे का बघायचं.

बिडाचा_तवा: एवढं कशाला? लोखंडी भांड्यात स्वयंपाक करा.

सूक्ष्मदर्शी: करा की, पण ९.४ त्यानं भरून येत नाही.

दिवसाआड: गोळी एक दिवस सोडून द्या. डोसनंतर हेपसिडिन (लोहाचं शोषण रोखणारं संप्रेरक) वाढतं आणि साधारण २४ तास पुढचं शोषण दाबतं. मळमळही कमी.

सूक्ष्मदर्शी: सोसत नसेल तर जरूर. एवढ्या कमी हिमोग्लोबिनला मी रोज एकच म्हणेन. २०० च्या गोळीत लोह ६५ मिलिग्रॅमच असतं, पण म्हणून दिवसाला तीन नकोत.

दिवसाआड: रोजचा हट्ट कशाला, तेच कळत नाही.

पेशीमोजणी: थॅलेसेमिया मायनर विसरलात, म्हणजे आनुवंशिक दोष, त्यातही लाल पेशी लहान असतात. एमसीव्ही भागिले आरबीसी जवळपास १७ येतं; १३ च्या वर म्हणजे लोहाच्या कमतरतेकडे कल. अंदाजच हा. एचबीए२ (थॅलेसेमियाची चाचणी) लोह भरल्यावर करा, आधी खोटं कमी येऊ शकतं.

आगाऊ_सल्ला: कुणी विचारलं नाही, तरी: पुरुषांत किंवा पाळी गेल्यावर लोह कमी झालं तर पोटातला रक्तस्राव शोधायचा. एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी टाळू नका.

वैतागलेला: शौच काळं होतंय, तो रक्तस्रावच का?

सूक्ष्मदर्शी: लोहानं काळं होतंच. डांबरासारखं चिकट, उग्र वासाचं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वेळा बदलल्यावर २ आठवड्यांनी हिमोग्लोबिन करा. १ नेही वाढलं नाही तर सीलिअॅक (ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार), एच. पायलोरी (जठरातला जंतू), अॅसिडिटीच्या गोळ्या यांकडे बघायचं. शिरेतलं लोह त्यानंतर. नॉर्मल आल्यावरही ३ महिने चालू ठेवा, साठा भरायचा असतो. पाळीचं राहिलंच.

वैतागलेला: खूप जाते, गाठी पडतात. ते नेहमीचंच आहे, म्हणून लिहिलं नाही.

सूक्ष्मदर्शी: अहो, ते पहिल्या ओळीत हवं होतं! स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या, सोनोग्राफी करून घ्या. नाहीतर गोळ्यांनी भरलेलं दर महिन्याला वाहून जाईल.