सुरेखा सिक्रींचे पुरस्कार

अभिनेत्री सुरेखा सिक्रींना मान्यता 'बधाई हो' या चित्रपटामुळे, म्हणजे अगदी उतारवयात मिळाली, असं म्हणतात; ते काही पटलं नाही. सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना तीनदा मिळालाय: 'तमस', 'मम्मो' आणि मग 'बधाई हो'. पहिला १९८८ च्या सुमाराचा! गंमत म्हणजे 'तमस' बहुतेकांनी पाहिलं ते दूरदर्शनवर, मालिका म्हणूनच. त्यातली त्यांनी केलेली राजो आठवा. फाळणीच्या दंगलीतून जीव वाचवून आलेल्या म्हाताऱ्या शीख जोडप्याला घरात घेते, पण मनातली धास्ती लपत नाही. काम छोटंसंच, तरी ती बाई डोक्यातून जात नाही. १९८९ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला, तो रंगभूमीसाठी. ते तर आपण विसरूनच जातो.

घराघरात मात्र त्या 'बालिका वधू'मधल्या दादीसा म्हणूनच पोचल्या, हे मान्य. (आमच्या आईचा त्यांच्यावर खराखुरा राग होता!)

डिसेंबर २०१९ मध्ये तिसरा राष्ट्रीय पुरस्कार घ्यायला त्या व्हीलचेअरवर आल्या, तेव्हा अख्खं सभागृह उभं राहिलं. तो व्हिडिओ मिळाला तर जरूर बघा.