हायड्रेट असलेल्या समुद्रतळाच्या उतारावर कोणते सेन्सर लावावेत?

गाळपेरा (नांदेड):
एम.टेक. जिओटेकच्या प्रकल्पासाठी कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला समुद्रतळाचा उतार घेतलाय, खोली १००० मीटर धरलीय. २००६ च्या मोहिमेत तिथं चिकणमातीच्या भेगांत भरलेला, १२८ मीटर जाडीचा हायड्रेटचा (पाण्याच्या बर्फासारख्या जाळीत अडकलेला मिथेन) पट्टा सापडला होता. टिल्टमीटर (कल मोजणारा) आणि मिथेन सेन्सरवर भागेल का? अन् चाचणी इथल्या काळ्या मातीत घेतली तर चालेल का?

दाबमापे:
नाही भागत. टिल्ट दिसला म्हणजे उतार हललाच. त्याआधी चढतो तो मातीतल्या पाण्याचा दाब. १ घनमीटर हायड्रेट फुटलं की वातावरणीय दाबाला मोजून सुमारे १६४ घनमीटर मिथेन निघतो, शिवाय ०.८ घनमीटर पाणी. १००० मीटरवर हाच गॅस आवळून सव्वा-दीड घनमीटर होतो. तरी एकाच्या जागी दोन झालेच. चिकणमाती ते पटकन बाहेर सोडत नाही, आतला दाब वाढतो आणि मातीची पकड सुटते.
म्हणून पैसा पीझोमीटरच्या, म्हणजे मातीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या, सळईवर घाला. वेगवेगळ्या खोलीवर फिल्टर, आणि मोजायचा तो वरच्या समुद्राशी असलेला फरक. नाहीतर १०० बारच्या ओझ्याखाली काही किलोपास्कल हुडकत बसाल. फिल्टर व्हॅक्यूममध्ये हवा काढून पाण्यातच ठेवा. खाली सोडताना समदाब व्हॉल्व्ह (सेन्सरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा करणारा) उघडा ठेवा, एका बाजूला हवा अडकली तर सेन्सरचा पडदा जातो. सळई घुसवल्यानंही दाब चढतो. तो ओसरायला चिकणमातीत दिवस ते आठवडे, सळईचा व्यास दुप्पट तर वेळ चौपट. तो ओसरण्याचा आलेख फेकू नका, दृढीकरण गुणांक (पाणी सोडत माती किती वेगानं दबते ते) त्यातूनच निघतो.

खोलपाणी:
सरकणं मोजायला ध्वनी-ट्रान्सपॉन्डरच्या (ध्वनीला उत्तर देणारी यंत्रं, ध्वनीच्या वेळेवरून अंतर कळतं) जोड्या, एक सरकणाऱ्या भागावर, एक स्थिर भागावर. १ किलोमीटर अंतरात पाण्याचं तापमान ०.०१ अंशानं चुकलं तरी अंतर ३ सेंटीमीटर चुकतं, म्हणून प्रत्येक ट्रान्सपॉन्डरपाशी तापमान आणि दाब मोजाच. टिल्टमीटरची फ्रेम मऊ गाळात रुतते आणि तेच उताराचं हलणं वाटतं; पाया रुंद घ्या. मिथेन सेन्सर फक्त साक्षीला. पडद्यातून गॅस झिरपायला वेळ लागतो, शिवाय प्रवाह बदलला की आकडा हलतो.

रेगूर:
माती चालेल. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या गाळात दख्खनच्या बेसॉल्टची स्मेक्टाइट (पाण्यानं फुगणारी) माती आहेच, पैठण-नांदेडवरून गोदावरीनंच नेलेली. पण शेतातली भेगाळलेली नको. द्रवसीमेच्या (जितक्या पाण्याला माती वाहू लागते) वर पाणी घालून रबडी करा, ड्रममध्ये वजनाखाली दाबू द्या. काळी माती यात आठवडे खाते, वेळापत्रकात आधीच धरा. ड्रमात मिथेन हायड्रेट बनणार नाही. टीएचएफचं (टेट्राहायड्रोफ्युरान, एक द्रव) हायड्रेट साध्या दाबाला ४ अंशांच्या आसपास बनतं, पण वितळताना गॅस सोडत नाही (आणि टीएचएफ पेट घेतं, सांभाळून). गॅसचा परिणाम बघायचा तर मातीत बुडबुडे सोडा आणि वरच्या पाण्याचा दाब भरती-ओहोटीसारखा वरखाली करा. बुडबुडे असतील तिथं आतल्या सेन्सरवर लाट लहान आणि उशिरा येते. समुद्रात भरती रोज फुकट मिळते, तिथंही हीच तपासणी लावा.

गाळपेरा (नांदेड):
म्हणजे पीझोमीटर मुख्य, ट्रान्सपॉन्डर जोडीला. सळईचा व्यास बारीक धरायचा तर वाकणार नाही ना?

दाबमापे:
वाकते. म्हणून टोकाला बारीक आणि वर जाड असा टप्प्याटप्प्यानं घ्या, फिल्टर बारीक भागात.