खाऱ्या पाण्यात धातूचा रेझर टिकेल का?

पूर्णाकाठ
घरात दाढी करणारे चौघं. वापरून फेकायचे प्लास्टिकचे रेझर बंद करून दुधारी ब्लेडचा धातूचा रेझर घ्यायचा आहे. गाव खारपाणपट्ट्यातलं, दर्यापूर तालुका. पाणी बोअरचं, साबणाला फेस धरत नाही. रेझर कोणत्या धातूचा घ्यावा? कापण्याची भीती किती? आणि वापरलेली ब्लेडं टाकायची कुठं?

पितळी_मूठ
स्वस्तातले बहुतेक रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वरून क्रोमचा मुलामा. टवका उडाला की खारं पाणी आत शिरतं, पांढरी भुकटी धरते आणि एक दिवस टोपीचा आट्यांचा खिळा मोडतो. संपला रेझर. पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्या. पितळेवरचा मुलामा गेला तर पिवळा दिसेल, एवढंच.

टोपी, खालची पट्टी आणि मूठ असे तीन सुटे भाग होणाराच बघा. मूठ फिरवली की वर दोन दारं उघडतात तो नको. त्याच्या सांध्यांत साबणाचा गाळ बसतो.

ब्लेडची चिंता नाही. न्हावी तेच ब्लेड मधोमध मोडून वस्तऱ्यात घालतात, त्यामुळे किराण्यातही मिळतं. फक्त पुठ्ठ्याच्या डबीतलं, कागदात गुंडाळलेलं मागा. प्लास्टिकच्या डबीतलं घेतलं तर एवढा खटाटोप कशाला?

फेसापुरतं अर्धा पेला कॅनचं पाणी वेगळं काढा, ब्रश त्यातच भिजवा. मधलं धुणं बोअरच्या पाण्यानं चालेल, शेवटी रेझर पुन्हा गोड्या पाण्यात बुचकळा. आणि दर वेळी खोलून ब्लेड पुसून ठेवा.

३०_अंश
वरचं सगळं बरोबर, पण ब्लेड पुसू नका. बोटं तिथंच कापतात आणि धारही बोथट होते. मूठ अर्धा आटा सैल करा, पाण्यात हलवा, झटका, उभा वाळवा. ब्लेड बदलताना त्याच्या आखूड कडा धरायच्या. आवळल्यावर दोन्ही बाजूंनी पातं सारखंच बाहेर दिसलं पाहिजे. एकीकडे जास्त दिसलं तर सैल करून पुन्हा बसवा, नाहीतर ती बाजू चावते.

प्लास्टिकच्या रेझरची दाबायची सवय इथं नडते. धातूच्या रेझरला स्वतःचं वजन असतं, तेवढं पुरे. मूठ गालाशी काटकोनात धरून फक्त टोपी टेकवा. मग मूठ हळूहळू खाली आणा. केस कापल्याची खरखर ऐकू आली की थांबा, तोच कोन. तो साधारण ३० अंशांचा भरतो. एका वेळी २-३ सेंटीमीटरच ओढा, दुसऱ्या हातानं कातडी ताणा. पहिला हात केसांच्या दिशेनं. गळ्यावर केस आडवेतिडवे उगवतात, तिथं आधी बोट फिरवून दिशा बघा. उलटा हात पहिले पंधरा दिवस नकोच.

ब्लेड ४-५ दाढ्या चालतं. ओढायला लागलं की बदला. चौघांत एक रेझर मात्र नको. ब आणि क प्रकारची कावीळ रक्तातून पसरते.

ढोरंवाला
ब्लेड उकिरड्यात टाकू नोका राजेहो. ढोरं चारा चावत नाईत, गिळतात. तार, खिळा, ब्लेडचा तुकडा पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसते अन् तिथून पुढं काळजापर्यंत टोचते. जाळून बी फायदा नाई, पोलाद राखेत तसंच रायते. ते खत वावरात गेलं की निंदणाऱ्या बाईच्या हाताले लागते. पत्र्याचा झाकणाचा डबा घ्या, झाकणाले छिन्नीनं अडीच सेंटीमीटरची फट पाडा, झाकण पक्कं चिकटवा. ब्लेड २२ मिलिमीटर रुंद असते, सरळ जाते. डबा भरला की फटीवर चिकटपट्टी मारून भंगारवाल्याले सांगूनच द्या.

पूर्णाकाठ
आठवडाभराची वाढलेली दाढी असली तर?

३०_अंश
आधी कात्रीनं बारीक करा. लांब केस टोपीखाली अडकतात, मग माणूस दाबतो आणि कापून घेतो. तेवढं करूनही कुठं रक्त आलंच, तर तुरटीचा खडा ओला करून वर धरा.