शोषखड्डा म्हणजे पैसे खड्ड्यात? (कालच्या पोस्टला उत्तर)

काळी_माती: काल इथे एकाने ठोकून दिलं, 'शोषखड्डे, म्हणजे मोरीचं पाणी जमिनीत मुरवणारे खड्डे, हा नुसता बिलं काढायचा धंदा, गावागावात शहरासारखं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र उभारा.' डोकं फिरलं. आमचा २०० उंबऱ्यांचा गाव. जलजीवन या सरकारी नळपाणी योजनेच्या मापाने माणशी दिवसाला ५५ लिटर धरा. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, त्यातलं साधारण सव्वादोनशे लिटर मोरीतून बाहेर पडतं. तेवढ्यासाठी पंप, पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर आणि ऑपरेटर? इथे पथदिव्यांचं बिल थकलंय, ब्लोअरचं कोण भरणार? नांदेडच्या टेंभुर्णीने घरोघरी खड्डे घेतले, नाल्या बंद केल्या, डास हटले. त्यांनी नुसते दगड नाही भरले, मधे सिमेंटची टाकी बसवली, वरच्या अंगाला भोकं. गाळ तळाला बसतो, पाणी दगडांत जातं. आमच्याकडे ठेकेदाराने टाकीच गाळली, वर्षात खड्डा तुंबला. आता म्हणे खड्डाच वाईट!

मुरूम_कुठाय: पोस्ट माझीच होती. हिशेब येतो ना तुम्हाला, मग पुढचाही करा. चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा म्हणजे १८०० लिटर. दगड भरल्यावर पोकळी राहते जेमतेम ७०० लिटर. जमिनीने पाणी ओढलं नाही तर चौथ्या दिवशी दारात तळं. आमच्याकडे १२ फुटांपर्यंत काळी चिकण, पावसाळ्यात फुगून बसते. माझी आई त्या खड्ड्याच्या कडेला घसरली, हात मोडला. टेंभुर्णीचे गोडवे तिला ऐकवा.

काळी_माती: आईंचं वाईट झालं. पण मुरमापर्यंत खोल जा, नाहीतर चार-पाच घरांचं पाणी बाहेर नेऊन एक तळं करा. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच होता, त्यातला अर्धा स्वच्छतेचा. तो रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवण्यातच गेला ना?

परसदार: खड्डा नको, केंद्रही नको. आमच्या आजीच्या मोरीमागे अळू, कर्दळ आणि दोन केळी होत्या. एक थेंब रस्त्यावर आला नाही. त्या अळूचं फदफदं अख्खी आळी खायची.

दवाखाना_रोड: गटाराच्या पाण्यावरचा अळू? शी! म्हणूनच घसा खाजतो.

परसदार: घसा खाजतो तो अळूतल्या ऑक्झलेटने, पाण्याने नाही. चिंच घालायला शिका आधी. आणि गटार नव्हतं ते, मोरी होती.

दवाखाना_रोड: आजीच्या काळी शिकेकाई आणि राख होती. आता पावडर, फिनेल, हार्पिक. तोच अळू खाणार का?

परसदार: खातो. तुम्ही बाजारातली पालक कुठल्या नाल्याकाठची ते बघून घेता?

दवाखाना_रोड: आजी-आजी करणाऱ्यांना शहरात बसून गाव फार सुंदर दिसतं.

परसदार: मी गावातच राहते. तुमचा रोड कुठला ते सांगा.

नळ_पाणी: भांडा, पण मुद्द्याचं बोला. पान शिजतं, म्हणून अळूचं तितकं भय नाही. कच्ची कोथिंबीर त्या पाण्यावर लावू नका. खरा घोळ असा की अर्ध्या गावाने संडासच्या टाकीचा पाइप गुपचूप नालीत सोडलाय. मोरीचं पाणी वेगळं राहिलं तरच खड्डा किंवा अळू. संडासला दोन खड्डे घ्या म्हणून आम्ही घसा कोरडा केला, एक भरला की बंद, दीड-दोन वर्षांनी खत. पण 'उपसायचं कोणी?' म्हणत प्रत्येकाने खोलीएवढी टाकी बांधली. माझ्या सख्ख्या भावानेसुद्धा. सहा महिने बोलत नव्हतो.

मुरूम_कुठाय: भावाचं बरोबर होतं.

काळी_माती: त्याचा पाइप तुमच्या विहिरीकडे निघाला की विचारतो.

मुरूम_कुठाय: विहिरीचं नाव काढू नका. बरं, केंद्राचं वीजबिल आम्हालाही झेपणार नाही, एवढं मान्य. खूश? पण खड्डा खणायला तुम्ही या. मुरूम लागला तर जेवू घालतो, चिकणच निघाली तर तिथेच उभे राहा, पहिला पाऊस पडेपर्यंत.

काळी_माती: येतो. टाकी घेऊन येतो.

परसदार: येताना सांगा, अळूचे कंद देते. दवाखानावाल्यांना वगळून.