आयडीपीएसाठी पहिलं पिस्तूल: एअर पिस्तूलवाल्या माणसाने काय घ्यावं?

मुठा_ते_रॅरिटन

कॉलेजात असताना बालेवाडीला दहा मीटर एअर पिस्तूल मारायचे. राज्य पातळीच्या पुढे मजल गेली नाही, पण हात अजून स्थिर आहे. आता एडिसनला आहोत, ग्रीन कार्ड झालंय, लेक मोठी झाली आणि रविवार मोकळे मिळायला लागलेत. ऑफिसातल्या मैत्रिणीने आयडीपीएची, म्हणजे स्वसंरक्षणाच्या प्रसंगांवर बेतलेल्या पिस्तूल नेमबाजीची मॅच बघायला नेलं. पुठ्ठ्याची टार्गेटं, पिंपांच्या आडून नेम, चालता चालता मॅगझीन बदलणं. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

न्यू जर्सीचं फायरआर्म्स ओळखपत्र हातात आहे, पिस्तूल खरेदीच्या परवानगीचा अर्ज केलाय. दुकानात चौकशीला गेले तर विक्रेत्याने माझा हात पाहिला आणि पर्समध्ये मावेल असं इवलंसं पिस्तूल पुढे ठेवलं. "लेडीज हेच नेतात" म्हणे. उंची पाच फूट एक, बोटं आखूड. सगळं मिळून बाराशे डॉलरांत बसवायचंय. नवरा म्हणतो त्यातले हजार पिस्तुलावर घाल, बाकीचं नंतर बघू. इथे कोणी खेळतं का?

सांगलीचा_भडंग

ताई, मी पेन्सिल्व्हेनियात खेळतो आणि क्लबात सेफ्टी ऑफिसर आहे, म्हणजे टायमर घेऊन लोकांच्या मागे मागे पळतो. ते इवलंसं पिस्तूल अजिबात घेऊ नका. वजन कमी म्हणून ते जास्त उसळतं, नळी आखूड म्हणून नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच जवळजवळ येतात आणि नेमातली बारीक चूकही मोठी होते. स्प्रिंग ताठ असल्यामुळे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढतानाही आखूड बोटांचेच जास्त हाल. हातात छोटं दिसतं ते हाताला सोपं असतं, हा समज कुठून आला देव जाणे.

9 एमएम, मध्यम आकाराचं, स्ट्रायकरवालं (मागे बाहेर हातोडी नसलेलं) घ्या. ग्लॉक 19 घ्या, नाहीतर स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी, त्याच्या मुठीचे मागचे तुकडे बदलता येतात. वॉल्थरने 2022 मध्ये पीडीपीची एफ मालिका काढली, ती लहान हातांसाठीच. ट्रिगर जवळ आणि स्लाइड ओढायला हलकी. तिन्ही हातात धरून बघा. पंजा मुठीवर नीट बसवून नळी मनगटाच्या रेषेत ठेवा आणि मग तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरच्या मध्यावर आरामात येतंय का ते पाहा. त्यासाठी पंजा फिरवावा लागला तर ते पिस्तूल तुमचं नाही, मग कुणी कितीही स्तुती करो. साडेपाचशे-सहाशेत काम होतं.

उरलेल्या पैशांची खरी गरज कमरेला आहे. कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं), त्याच मॉडेलसाठी बनवलेलं, ट्रिगर पूर्ण झाकणारं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान. खाली ताठ पट्टा, दीड इंची. मऊ नायलॉनचं लटकतं होल्स्टर पिस्तुलाबरोबर वर येतं आणि परत घालताना तोंड मिटतं, म्हणजे घोटाळाच. बोटाने खटका दाबला की सुटतं तसलं होल्स्टर बरेच क्लब चालवून घेत नाहीत, कारण तेच बोट पुढे ट्रिगरवर घसरतं. खांद्याचं किंवा आडवं होल्स्टर आयडीपीएत नाहीच. बायकांना मात्र ड्रॉप-ऑफसेट, म्हणजे थोडं खाली आणि शरीरापासून दूर बसणारं होल्स्टर घेण्याची मुभा आहे. ती वापरा. उंच पट्ट्याच्या जीन्समध्ये मूठ थेट बरगडीला लागते आणि कोपर काखेच्या वर न्यावं लागतं. कमी उंचीची पँट घातलीत तर निम्मा त्रास जातो.

मॅगझीन कमीत कमी तीन. तुमच्या राज्यात दहाच्या वरचं मॅगझीन ठेवताच येत नाही, त्यामुळे निवडीचा प्रश्नच मिटला. दोन मॅगझीनचं पाऊच, कानाला इलेक्ट्रॉनिक मफ, चष्मा. पिस्तूल वरून झाकायला साधं जाकीट चालतं. आमचे लोक मासेमारीचं बिनबाह्यांचं जाकीट घालतात आणि उजव्या खिशात थोडं वजन ठेवतात, म्हणजे पदर झटकन मागे उडतो.

गोळ्यांसाठी तीनशे डॉलर वेगळे काढून ठेवा. एका मॅचला शंभर-दीडशे लागतात. पॉवर फॅक्टर (गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेग, भागिले हजार) 125 हवा, बाजारातली 115 ग्रेनची साधी गोळी सेकंदाला 1,150 फुटांच्या वेगाने 132 देते, तेव्हा ती काळजी नको. घरी रिकाम्या पिस्तुलाने सराव करताना गोळ्या दुसऱ्या खोलीत.

आता तुमच्या बालेवाडीबद्दल. 500 ग्रॅमच्या ट्रिगरवरून अडीच किलोच्या आसपास जाल, पहिले काही आठवडे चिडचिड होईल. पण साडेअकरा मिलिमीटरचं दहाचं वर्तुळ मारलेल्या माणसाला आयडीपीएचं वीस सेंटिमीटरचं मधलं वर्तुळ म्हणजे अंगण. गोळी बाहेर गेली की 1, 3, अगदी सुटली तर 5 गुण वजा. 2017 च्या नियमांपासून प्रत्येक वजा गुणाला तुमच्या वेळेत पूर्ण एक सेकंद वाढतो, आधी अर्धा होता. नुसतं धावणाऱ्यांचं त्याने नुकसान झालं, नेमवाल्यांचं नाही. एका हाताने मारायच्या फेऱ्याही असतात, तेव्हा आमचे दांडगे दांडगे लोक घाम पुसतात.

अप्पा_ह्यूस्टनकर

भडंगराव, रेड डॉट, म्हणजे पिस्तुलावरची लाल ठिपक्याची काच, विसरलात. माझं वय पन्नासच्या पुढे, मला पुढची माशी दिसतच नाही. डॉटवाल्यांच्या कॅरी ऑप्टिक्स विभागात गेलो आणि खेळ परत आवडायला लागला. ताईंनी पहिल्याच दिवशी डॉटवालं घ्यावं.

सांगलीचा_भडंग

अप्पा, तुमच्या डोळ्यांना डॉट, ताईंच्या बजेटला माशी. हवं तर डॉट बसवायची खाच असलेलं मॉडेल घ्या, काच पुढच्या वर्षी. पहिल्या मॅचला माणूस होल्स्टरमधून उपसताना डॉट शोधत बसतो आणि सेकंद उडतात.

खवचट_वकील

विषयांतर आहे, पण हे वाचून कोणी एच-वनवाला उद्या दुकानात जाईल म्हणून लिहितो. एच-वन, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर पिस्तूल किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. त्यांच्या भरवशावर जायचं असेल तर आधी वकिलाकडे जा, मंचावर नको.

ताई, तुमच्यासाठी: न्यू जर्सीत नेताना पिस्तूल रिकामं, बंद पेटीत, डिकीत. घर ते रेंज, रेंज ते घर. वाटेत ओक ट्री रोडवर भाजी आणि फाफडा घ्यायला थांबणं कायद्याच्या नजरेत 'आवश्यक थांबा' ठरेल का, याची परीक्षा घेऊ नका.

मुठा_ते_रॅरिटन

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला भडंगदादांचं उत्तर वाचून दाखवलं. तो आता म्हणतो, होल्स्टरचं मी कधीच म्हणत होतो. पीडीपी एफ आणि ग्लॉक 19 दोन्ही रेंजवर भाड्याने मारून बघते. एकच शंका: मॅचला गेल्यावर पिस्तूल पिशवीतून काढून कमरेला कुठे लावायचं? सगळ्यांसमोर काढायची हिंमत होत नाही.

सांगलीचा_भडंग

हिंमत नाही तेच बरं. आमची रेंज 'कोल्ड' असते, सेफ्टी ऑफिसर सांगेपर्यंत कोणाचंच पिस्तूल भरलेलं नसतं. 'सेफ एरिया' लिहिलेलं टेबल असतं. पेटी तिथे न्यायची, नळी भिंतीकडे ठेवून रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालायचं. त्या टेबलावर गोळीला हात लावायचा नाही, भरलेलं मॅगझीनसुद्धा काढायचं नाही, लावलात तर थेट घरी. मग तुमच्या नंबरला "लोड अँड मेक रेडी" ऐकू येईपर्यंत मुठीला स्पर्श नाही. नोंदणीच्या वेळी पहिलीच मॅच आहे एवढं सांगा, तुमच्या गटात जुना माणूस देतात. आणि पाणी जास्त न्या, नंबर यायला वेळ लागतो आणि मधल्या वेळात टार्गेटांची भोकं चिकटपट्टीने बुजवायचं काम सगळ्यांनाच असतं.